हरीदादीच्या चित्रांना लावलेलं अस्तर

ये गं मंजू, अशी जवळ बस. दाराशी नको, मला हल्ली लांबचं ऐकू येत नाही आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नाही. तू समोर नाहीयेस हे मला कळतं, पण कुणाला तरी समोर बसवल्याशिवाय माझ्या हातून दोन ओळी लिहून होत नाहीत, म्हणून तुला बसवलंय. आणि तुझ्यावर मी जरा रागावलेय. लेकीच्या केळवणाला पंचवीस माणसं जेवायला बसलेली, तुला नेमकी तीच गोष्ट आठवली? "आमच्या कुसुमआत्यानं लहानपणी एका सिंधी बाईची विलायती चित्रं खळ लावून बाद केली, पण आजोबा इतके मोठ्या मनाचे, तिला शब्दानं बोलले नाहीत." सगळे हसले. तुझे दीर तर पोट धरून हसले. मीही हसले. ती गोष्ट निघाली की हसायचं, हे माझ्या अंगवळणी पडलंय. तुझा दोष नाही, तुला तुझ्या बापानं सांगितली, त्याला अण्णांनी सांगितली. पण आता माझ्याकडून ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

आमचं बिऱ्हाड तेव्हा अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या आणि पुढे पडवी, आणि पडवी म्हणजे अण्णांचा कारखाना. अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, बाइंडर. शाळांचे हजेरीपट, वकिलांची कागदपत्रं, कुणाची पोथी, कुणाचं पंचांग, असं सगळं आमच्या पडवीत यायचं आणि पाठ सरळ करून परत जायचं. सकाळी काड्यापेटीच्या कारखान्याचा भोंगा झाला की अण्णा पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा स्क्रू फिरवायला घेत. तो असा कण्हायचा की नवीन माणसाला वाटावं आत कुणी आजारी आहे. मग पुस्तकाच्या पाठीवर मोगरीचे ठोके, आणि शिवण सुरू झाली की अण्णांचं गाणं. नाटकातली पदं त्यांना फार आवडत. एकेक ओळच यायची, पण तान मात्र दोऱ्याच्या लांबीइतकी. दोरा संपला की तान संपली, सुईत नवा ओवला की पुढची. आई आत चुलीवर वालाचं बिरडं आणि त्याच चुलीवर खळ शिजवायची. मैदा रेशनवर मिळायचा, तोही कधी मिळायचा कधी नाही. "माणसांच्या ताटात पीठ नाही आणि यांच्या कागदांना रोज खिमट," असं पुटपुटत ती ढवळायची. खळीत मोरचूद घातलेलं, किडा लागू नये म्हणून. त्यामुळे आमच्या घरात खळीच्या पातेल्याला निळा धागा बांधलेला असे, चुकून कुणी खाऊ नये म्हणून. तो वास अजून माझ्या नाकात आहे. लोकांना आईच्या पदराचा वास आठवतो, मला खळीचा.

मी चौथी झाले आणि शाळा सुटली. पण मला दुःख झालं नाही, कारण अण्णांनी मला पडवीत बसवलं. तेव्हा तुझा बाप वसंता पाळण्यातून नुकता उतरलेला. त्याच्याकडे बघून अण्णा म्हणत, "हा कधी मोठा व्हायचा? माझी गादी कुसुमच चालवणार." आणि मला ते खरं वाटायचं. दोन वर्षांत मी घडी घालायला शिकले, शिवायला शिकले, पुठ्ठ्यावरचा रंगीत लाटांचा अबरीचा कागद असा लावायला शिकले की त्याच्या लाटा पाठीवरून मोडू नयेत. आणि मी वाचायला लागले. पुस्तकं आमच्याकडे अख्खी कुठे यायची? सुटे फर्मे यायचे, सोळा सोळा पानांचे. शिवता शिवता मी ते वाचायची. कादंबरीचा तिसरा फर्मा सोमवारी, पहिला बुधवारी, शेवटचा कधी कधी हाती लागायच्या आतच गिऱ्हाईक पुस्तक घेऊन गेलेलं. माझं शिक्षण असं फर्म्याफर्म्यानं झालं. अजूनही मला गोष्ट मधूनच सुरू करायची खोड आहे, तू म्हणतेसच ना.

अण्णांचा एक नेम होता. दुरुस्तीला आलेल्या कागदाला भोक ठेवून तो परत द्यायचा नाही. कसर लागलेली असो, उंदरानं कुरतडलेलं असो, मागून पातळ अस्तर लावून ते बुजवायचंच. आणि गिऱ्हाईक आलं की पान उजेडाला धरून म्हणायचे, "बघा, एक तरी ठिपका दिसतोय का उजेडाचा?" गिऱ्हाईक डोळे बारीक करून बघायचं आणि मान हलवायचं. पंचक्रोशीत या एका वाक्यावर अण्णांचं नाव होतं. कुळगाव-बदलापूरहून लोक यायचे.

फाळणीनंतर नदीपलीकडच्या लष्करी बराकींमध्ये सिंधी लोक येऊन राहिले होते. ते उल्हासनगर, पण आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो, अजून म्हणतो. त्यांच्या पोथ्या वाटेत भिजलेल्या, फाटलेल्या. त्या अण्णांकडे यायला लागल्या. तयार झालेली पोथी धुतल्या फडक्यात गुंडाळून पोचवायचं काम माझं. अशीच एक पोथी घेऊन मी हरीदादीकडे पहिल्यांदा गेले. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. ही पन्नाशीची, विधवा, पुढच्या दोन दातांत फट, आणि एका बराकीत गोणपाटाचा पडदा लावून केलेल्या अर्ध्या खोलीत एकटी. तिनं पोथी कपाळाला लावली, माझ्यापुढे पापड आणि पाणी ठेवलं, आणि म्हणाली, "बैठ धीअ. कुछ दिखाऊं?" धीअ म्हणजे लेक.

तिनं एक लाकडी पेटी काढली. पेटीला पुढे दोन काचा, डोळे लावायला. वर एक झाकण, मागे दुधी काच. आत जाड पुठ्ठ्याचं एक चित्र सरकवलेलं, त्या पुठ्ठ्यावर एकच चित्र शेजारी शेजारी दोनदा. मी डोळे लावले. झाकण उघडं होतं तेव्हा दिसला करडा रंगमंच, आणि त्यावर माणसं. चित्रातली चपटी नव्हेत, एकामागे एक उभी, मध्ये हवा असलेली. एक बाई आरशापुढे गुडघ्यावर बसून दागिन्यांचा डबा उघडत होती, आणि तिच्या मागे पडद्याआडून टोपीत पीस खोवलेला एक माणूस बघत होता. तिच्या खांद्याला हात लावावा म्हणून मी खरंच हात पुढे केला. हरीदादी हसली. "रुक जा. अब बत्ती जलाती हूं." तिनं वरचं झाकण पाडलं आणि पेटी दाराकडे, उन्हाकडे वळवली. आणि मंजू, काय सांगू! करड्याचा रंग झाला. बाईचा झगा गुलाबी, पडदा हिरवा, आणि तिच्या गळ्यात, कानात, डब्यात, सगळीकडे खडे लखलखायला लागले. त्या मागच्या माणसाचे डोळे निखाऱ्यासारखे लाल.

ही ऑपेराची चित्रं, असं हरीदादीला तिच्या सासऱ्यानं सांगितलं होतं. विलायतेतलं गाण्याचं नाटक, बोलतात तेही गाऊनच. सासऱ्याचं कराचीत विलायती सामानाचं दुकान होतं. अशी बारा चित्रं. निघायच्या गडबडीत तिनं अंधारातून जी पेटी उचलली ती दागिन्यांची समजून. बोटीवर उघडली तर ही. "मेरा सोना वहां रह गया, और इन मेमों का सोना साथ आ गया," असं म्हणून ती स्वतःलाच हसायची. आता त्या मेमांच्या सोन्यावरच तिची चूल पेटत होती. बाजाराच्या तोंडाशी बसून ती पैशाला एक चित्र दाखवायची, आणि रांग लागायची. आधी करडं, मग झाकण पाडून "बत्ती!" की पोरं ओरडायची. मला मात्र ती फुकट दाखवायची, आणि मी मागची बाजूही बघायची, बाइंडरची पोर ना मी. पुठ्ठ्याच्या चौकटीत मागे एक तलम कागद होता, त्याच्या आतून रंग दिलेला, आणि जिथे जिथे खडा तिथे तिथे टाचणीनं पाडलेलं भोक. उजेड त्या भोकांतून येतो आणि खडा चमकतो. मी ते स्वतःचं स्वतः ओळखलं होतं, आणि हरीदादीला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या पाठीवर थाप मारली होती.

(आता शेजारच्या मुलानं मला मोबाइलवर असलीच चित्रं काढून दाखवली. एकोणिसाव्या शतकातली, पॅरिसमधली. ती माणसं खरे नट नव्हतेच म्हणे, मातीच्या बाहुल्या करून, छोटा रंगमंच उभारून फोटो काढायचे. मला जरा वाईट वाटलं, ती बाई मातीची निघाली म्हणून. पण ती भोकं कुणीतरी एकेक करून टाचणीनं पाडली असणार. बाईच असेल ती, असं मला उगीच वाटतं.)

दुसऱ्या पावसाळ्यात बराकीत ओल आली आणि चित्रांच्या पुठ्ठ्याच्या कडा सुटायला लागल्या. हरीदादी बाराच्या बारा चित्रं अण्णांकडे घेऊन आली. पेटी नाही आणली, नुसती चित्रं. "अदा, किनारा खुल गया है, चिपका दो," म्हणाली. अदा म्हणजे भाऊ. मी तेव्हा नळावर गेले होते. परत आले तर अण्णांनी चित्रं पाटावर उपडी मांडलेली, आणि चष्मा कपाळावर चढवून ते त्यांच्या मागच्या बाजूकडे बघत होते. बाइंडर माणूस वस्तू आधी मागून बघतो. अण्णांनी त्या पेटीला कधी डोळा लावला नव्हता, त्यांच्या लेखी तो जत्रेतला पोरखेळ.

"काय कसर लागलीय बघ," अण्णा म्हणाले. "चाळण झालीय नुसती. बाई बिचारी कडाच चिकटवा म्हणाली, तिला बघताही आलं नसेल. जाड अस्तर देऊन टाकू."

मी घागर खाली ठेवायचीही विसरले. "अण्णा, ती कसर नाही. ती भोकं मुद्दाम पाडलीत."

"मुद्दाम भोकं कोण पाडेल?"

"उजेडाला धरलं की त्यातून दागिने चमकतात. मी पाहिलंय."

"पाहिलंयस?" अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे पोथी पोचवायला धाडलं की तू तिथे चित्रं बघत बसतेस होय?"

"अण्णा, ते राहू द्या, पण तुम्ही एकदा उजेडाला..."

आतून आईचा आवाज आला, "कुसे, बापाला शिकवू नकोस."

"दोन वर्षं झाली नाहीत हातात ब्रश धरून," अण्णा म्हणाले, रागावूनही नाही, हसूनच. "चल, खळ ढवळ."

आणि मी खळ ढवळली. तुमच्या घरातल्या गोष्टीत एवढं खरं आहे, खळ माझ्या हातची होती. अण्णांनी बारा चित्रांना मागून तपकिरी कागद लावला. काय लावला होता! एक सुरकुती नाही, एक फुगा नाही, कडा अशा की नखाला लागू नयेत. दिवसभर शिकंज्यात दाबून ठेवली. असं काम मी नंतर कुणाचं पाहिलं नाही, हे आजही सांगते. त्या कामाचा राग आहे मला, पण त्याला वाईट म्हणवत नाही.

हरीदादी घ्यायला आली तेव्हा पडवीत शाळेचे हेडमास्तर बसले होते, हजेरीपटांचं काम द्यायला. वर्षभराचं काम त्या एका माणसाकडून यायचं. अण्णांना मास्तरांसमोर आपलं काम दाखवायची संधीच झाली. त्यांनी वरचं चित्र उचललं, उन्हाकडे धरलं आणि नेहमीच्या ऐटीत म्हणाले, "बघा बाई, एक तरी ठिपका दिसतोय का उजेडाचा?"

हरीदादीनं बघितलं. तिनं दुसरं चित्र उचललं, तिसरं उचललं. एकेक उजेडाला धरायची आणि खाली ठेवायची. ओरडली नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "अदा, ये तो सारी बत्तियां बुझा दीं."

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं. माझं बोलणं त्यांना आठवलं, तेही मला दिसलं, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"काय झालं?" हेडमास्तरांनी विचारलं.

अण्णा चित्र हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "पोरीनं केलं. मी कल्याणला गेलो होतो कापड आणायला, मागे हिनं न विचारता अस्तर लावलं. लहान आहे."

"अहो, पोरींच्या हातात असली कामं देताच कशाला?" हेडमास्तर म्हणाले.

"आता नाही देणार," अण्णा म्हणाले.

बघ हं मंजू, एवढंच. दोनदाच बोलले. पहिलं बोलणं खोटं होतं आणि दुसरं त्यांना खरं करावं लागलं. मी बोलू शकत होते. ओठांपर्यंत आलं होतं. पण आई दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती आणि तिनं नुसती मान हलवली. नंतर चुलीपाशी मला जवळ ओढून म्हणाली, "पुरुषाचं नाव गेलं की घर जातं. तुझं कुठलं नाव आहे जायला?" तिनं मला तांदळाच्या भाकरीवर तुपाचा गोळा घालून दिला, त्या दिवसांत तूप म्हणजे केवढी चैन. मी ते खाल्लं. अजून माझ्या घशाला तो गोळा आठवतो.

मी अण्णांना म्हटलं, पाणी लावून अस्तर सोडवू या. ते खाली बघून म्हणाले, "रंग उतरेल. आतला कागद वितळेल." म्हणजे त्यांनी विचार करून झाला होता. आणि दुसऱ्या दिवशी मी पडवीत माझ्या पाटावर बसायला गेले तर पाट भिंतीला उभा करून ठेवलेला. "आत आईला मदत कर," म्हणाले. मला वाटलं चार दिवस. हेडमास्तर येऊन गेले की पुन्हा बोलावतील. पण मास्तर दर महिन्याला यायचे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट कळलेली. "काय, पोरगी बसत नाही का आता?" कुणी विचारलं की अण्णा हसून सांगायचे, "नको रे बाबा, बारा चित्रं बुजवलीन तिनं एका बाईची." आधी ते सांगताना त्यांचा आवाज चोरटा व्हायचा. वर्षभरात तो मोकळा झाला. गोष्टीत भर पडत गेली, माझे खळीनं माखलेले गाल आले, मी रडले ते आलं, आणि त्यांनी मला क्षमा केली तेही आलं. शेवटी शेवटी त्यांनाच ते खरं वाटत असावं. फर्मे यायचे आणि जायचे, मी आतून त्यांच्या कडा बघायची. एका कादंबरीचा दुसरा फर्मा वाचून झाला होता, पुढे त्यातल्या मुलीचं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

दोनेक महिन्यांनी मी आईला न सांगता कॅम्पात गेले. हरीदादी बाजाराच्या तोंडाशी नव्हती. करडी चित्रं कोण पैसे देऊन बघणार? ती बराकीच्या दाराशी खाट टाकून पापड वाळवत होती, दुसऱ्या एका बाईसाठी. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. अस्तर मी नाही लावलं, मी सांगत होते, अण्णांनी ऐकलं नाही.

ती पापड उलटत राहिली. म्हणाली, "मालूम है."

"तुम्हाला माहीत होतं?"

"उसी दिन से. धीअ, इतना साफ काम बच्ची का हाथ नहीं करता. तेरे बाप का हाथ है वो."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"किसके घर में बोलूं?" ती म्हणाली. "हम बाहर से आए लोग. यहां रहना है." मग तिनं खाटेवरचा एक कच्चा पापड विस्तवावर भाजून मला दिला, पाणी दिलं. मी खाऊन निघाले. वाटेत नदीचा पूल ओलांडताना मला रडू फुटलं, आणि ते का फुटलं हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. अण्णांनी मला दोषी ठरवलं, कारण मी लहान होते. तिनं मला निर्दोष ठरवलं, तेही मी लहान म्हणूनच. चांगलं काम लहान पोरीच्या हातून होतच नाही, असंच दोघांच्याही बोलण्यातून निघत होतं. आणि मला ते येत होतं गं! तसंच, तितकंच साफ अस्तर मला लावता येत होतं. अण्णांच्या नावानं गेलेल्या कितीतरी पोथ्यांना मी लावलेलं होतं, आणि ती पानं उजेडाला धरून त्यांनी लोकांकडून मान हलवून घेतली होती. हरीदादीनं कपाळाला लावली ती पोथीसुद्धा.

पुढचं तुला ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी बदलापूरला दिली मला. वसंता मोठा झाल्यावर गादीवर बसला, त्याचा हात जड, त्याला त्यात गोडी नव्हती, चार वर्षांत त्यानं शिकंजा भंगारात घातला आणि एमआयडीसीत कारखान्यात लागला. मी त्याला दोष देत नाही. माहेरी गेले की अण्णा चहा घेता घेता जावयाला ती गोष्ट सांगायचे, आणि माझा नवरा घरी परतून आपल्या भावांना. अण्णा शेवटी आजारी होते तेव्हा मी पंधरा दिवस त्यांच्या उशाशी होते. वाटायचं, आज बोलतील. एक दिवस त्यांनी माझा हात हातात घेतला, तळवा उघडला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "पाणी दे." मी पाणी दिलं. तुम्ही सगळे सांगता ना, शेवटपर्यंत लेकीवर किती जीव होता म्हणून. होता. जीव होता हे मी कधी नाकारलं नाही. जीव असलेल्या माणसानं केलं म्हणूनच ते जात नाही मनातून.

तर मंजू, ती गोष्ट आता तुझ्या लेकीच्या सासरी पोचू देऊ नकोस. पोचलीच, तर निदान ही पोचव. आणि ये एकदा. स्टेशनला उतरून रिक्षा केलीस तर दहा मिनिटांवर मी आहे, जिना एकच मजल्याचा. जेवायलाच ये, बिरडं करीन, वाल मी आदल्या दिवशी भिजत घालीन. फोनवर नको, फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतेस. लवकर ये, मला आता तारखा लांबच्या देऊ नकोस. आणि आलीस की अण्णांचं काही विचारू नकोस. मला विचार, "आत्या, तुझा हात कसा होता गं?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही.